घटनाबदल आणि नागरिक : महाड, चरी, पेण

विषयाची व्याप्ती

घटनादुरुस्ती हा संसदेचा अधिकार आहे. घटनाबदल ही त्याहून व्यापक प्रक्रिया आहे. दुरुस्तीत अनुच्छेदाचा मजकूर बदलतो. बदलात त्या मजकुरामागची मागणी, त्याआधी झालेला कायदा, न्यायालयाने लावलेला अर्थ आणि लोकांनी केलेला वापर हे सर्व येते. पहिल्या प्रक्रियेत नागरिकाला थेट स्थान नाही. दुसरीत त्याचा वाटा मोठा असतो, मात्र तो सहसा दुरुस्ती अधिनियमांच्या यादीत दिसत नाही. रायगड जिल्ह्याची, म्हणजे १९८१ पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्याची, किनारपट्टी या अभ्यासासाठी सोयीची आहे. महाडचा सत्याग्रह (१९२७), चरीचा शेतकरी संप (१९३३–३९) आणि पेण तालुक्यातील विशेष आर्थिक क्षेत्राविषयीचे (सेझ) जनमत (२००८) या तीन घटना एकाच जिल्ह्यातल्या. तिन्हींचा संविधानाशी संबंध आहे, पण प्रत्येकीचा वेगळ्या प्रकारे.

अधिकृत मार्ग : अनुच्छेद ३६८

संविधानाच्या अनुच्छेद ३६८ नुसार दुरुस्ती विधेयक संसदेच्या कोणत्याही सभागृहात मांडता येते. प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांची दोनतृतीयांश मते, अशा दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. केंद्र-राज्य अधिकारवाटप, राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च न्यायालये अशा विषयांवरील दुरुस्त्यांना किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यताही लागते. सार्वमताची, नागरिकांच्या स्वाक्षऱ्यांनी प्रस्ताव मांडण्याची किंवा सक्तीच्या जनसुनावणीची तरतूद या अनुच्छेदात नाही. वेगाचेही बंधन नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणाची १०३ वी दुरुस्ती ८ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेत मांडली जाऊन त्याच दिवशी मंजूर झाली आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने तिला संमती दिली.

संविधान सभा आणि लोकमत

मूळ संविधान घडवणारी सभा प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती. मर्यादित मताधिकारावर निवडून आलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी तिचे सदस्य निवडले आणि संस्थानांचे प्रतिनिधी त्यात सामील झाले. मसुदा समितीने तयार केलेला मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर अभिप्राय देण्यासाठी काही महिन्यांचा अवधी मिळाला. सभेत ७,६३५ उपसूचना दाखल झाल्या. त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. या उपसूचना सदस्यांच्या होत्या, नागरिकांच्या नव्हत्या. तरीही अनेक तरतुदींचा उगम सभागृहाच्या बराच बाहेर सापडतो. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद १७ आणि सार्वजनिक ठिकाणी भेदभावास मनाई करणारा अनुच्छेद १५ यांच्याबाबतीत हा उगम महाडपर्यंत नेता येतो.

महाड : ठराव आणि अंमलबजावणी

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशाने बांधलेल्या व राखलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखान्यांचा वापर अस्पृश्य मानलेल्यांना खुला असावा, अशी शिफारस त्यात होती. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार आपली सार्वजनिक ठिकाणे खुली केली, पण चवदार तळ्यावरचा व्यवहार बदलला नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेच्या गरजेपुरते पाणी ४० रुपये मोजून विकत घ्यावे लागले. ठराव कागदावर होता आणि पाणी बाजारभावाने मिळत होते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर मंदिरप्रवेशाची अफवा उठून त्यांच्यावर हल्ले झाले. पुढे १०८ घागरी पाणी उपसून आणि पंचगव्य वापरून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले.

महाड : बहुमत आणि हक्क

ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. लोकसहभागाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. नगरपालिका ही निर्वाचित स्थानिक संस्था होती आणि तिने हक्क ज्या बहुमताने दिला त्याच बहुमताने काढून घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. जागा द्यायला गावातील इतर कोणी तयार नसल्याने फत्तेखान यांच्या जमिनीवर मंडप उभा राहिला. तळ्याबाबत न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला होता. परिषदेने तो पाळून तळ्यावर जाणे स्थगित केले, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन केले आणि जन्माने सर्व माणसे समान असल्याचा हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. मागणीचे स्वरूप येथे बदलले. एका तळ्याच्या वापराची मागणी समान नागरिकत्वाच्या मागणीत विलीन झाली. स्थानिक बहुमताला फिरवता येणार नाही असा हक्क हवा, ही गरज महाडने स्पष्ट केली. मूलभूत हक्कांचे प्रकरण नेमके हेच काम करते.

न्यायालय आणि संविधानाचा मजकूर

तळे खाजगी असून अस्पृश्यांना वगळण्याची रूढी प्राचीन आहे, असा दावा करणारा खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. मात्र हा निकाल मालकी आणि रूढीच्या पुराव्यावर आधारलेला होता; समानतेचा हक्क म्हणून न्यायालयाने काही घोषित केले नाही, कारण तसा हक्क देणारा कायदाच नव्हता. ही उणीव संविधानाने भरून काढली. अनुच्छेद १५(२) मध्ये राज्याच्या पैशाने राखलेल्या अथवा जनतेच्या वापरासाठी ठेवलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा नेमका उल्लेख आहे. १९२३ च्या ठरावातील यादी आणि ही यादी यांतील साम्य उघड आहे. फरक बंधनकारकतेत आहे. ठराव शिफारस करत होता, अनुच्छेद मनाई करतो. अस्पृश्यतानिवारणाची तरतूद संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारली. महाडच्या परिषदेपासून या मतदानापर्यंत २१ वर्षे लागली.

खोती : सत्तेची रचना

दुसरे उदाहरण जमिनीचे आहे. कोकणात सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये खोत हा मध्यस्थ होता. तो गावाचा सारा सरकारात भरी आणि कुळांकडून धान्याच्या रूपाने खंड घेई. खंड साऱ्याच्या मानाने खूप जास्त असे. जमीन कसण्यासाठी कुळाला कबुलायत लिहून द्यावी लागे. पीक बुडाले तरी खंडाची बाकी पुढच्या वर्षावर चढे. शिवाय खोताच्या घरची वेठ, लग्नकार्यातील कामे, भाजीपाला-कोंबडी अशा मागण्या वेगळ्याच. कुळाने वर्षानुवर्षे कसलेल्या जमिनीवर त्याचे नाव नसे, त्यामुळे त्याला केव्हाही काढून टाकता येई. मालमत्तेचा हक्क या रचनेत खोताच्या बाजूने उभा होता. खोती रद्द करायची, तर कोणाच्या तरी मालमत्तेच्या हक्काला हात लावणे भाग होते. पुढील घटनात्मक वादाचे मूळ येथे आहे.

चरीचा संप

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांची सभा झाली. खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत, असा निर्णय तेथे झाला. चरीसह २५ गावे त्यात उतरली. भातखाचरे ओसाड पडली आणि कुटुंबे मोलमजुरी करून, लाकूडफाटा विकून तगली. संप १९३९ पर्यंत टिकला. या आंदोलनाची आंबेडकरांशी जोडणी झाली. ते डिसेंबर १९३४ मध्ये कुलाबा जिल्हा शेतकरी परिषदेत अध्यक्षस्थानी होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करणारे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक मंजूर झाले नाही. मात्र १९३९ मध्ये मुंबई प्रांताचा पहिला कुळकायदा झाला आणि महसूलमंत्री मोरारजी देसाई यांच्या मध्यस्थीने संप संपला. येथे नागरिकांचे साधन मत नव्हते, श्रम रोखून धरणे हे होते.

पहिली दुरुस्ती आणि नववी अनुसूची

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४८ चा कुळकायदा आणि त्यानंतर खोती निर्मूलन कायदा केला. २६ जानेवारी १९५० पासून मालमत्ता हा मूलभूत हक्क झाल्याने असे कायदे न्यायालयात टिकतील का, हा प्रश्न निर्माण झाला. १२ मार्च १९५१ रोजी पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरवल्यावर शंका खरी ठरली. जून १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. तिने अनुच्छेद ३१अ व ३१ब घातले आणि नववी अनुसूची जोडली. या अनुसूचीतील कायदे मूलभूत हक्कांशी विसंगत म्हणून रद्द होणार नाहीत, अशी व्यवस्था झाली. मूळ अनुसूचीत १३ कायदे होते. दुसऱ्या क्रमांकावर मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ आणि सहाव्या क्रमांकावर मुंबई खोती निर्मूलन कायदा, १९५० आहे. अलिबाग तालुक्यातील खाचरांतून सुरू झालेली मागणी अशा रीतीने संविधानाच्या शेवटच्या पानांत पोहोचली. ही दुरुस्ती करणारी संसद हंगामी होती, पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती, ही गोष्टही नोंदवण्यासारखी आहे.

संरक्षणाची दुसरी बाजू

नवव्या अनुसूचीमुळे शेतकऱ्याला मिळालेले संरक्षण न्यायालयीन तपासणीपासून मिळालेली सूट होती. पुढे शेकडो कायदे तिच्यात गेले आणि त्यांतील काहींचा जमीनसुधारणेशी संबंध नव्हता. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने संसदेला संविधानाची मूलभूत चौकट बदलता येत नाही, असे ठरवले. त्यानंतर अनुसूचीत आलेल्या कायद्यांची तपासणी होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले. मालमत्तेचा हक्क तर ४४ व्या दुरुस्तीने (१९७८) मूलभूत हक्कांच्या यादीतूनच निघाला आणि अनुच्छेद ३००अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला. ज्याने खोताची पकड सैल केली तोच बदल पुढे वेगळ्या परिणामाने समोर आला. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर कुळे मालक झाली होती. त्यांच्या पुढच्या पिढ्यांची जमीन सरकार संपादन करू लागले, तेव्हा त्यांच्याकडे बाजारभावाने भरपाईची हमी होती, पण जमीन न देण्याचा मूलभूत हक्क नव्हता.

राज्यरचना : वेगळा मार्ग

राज्यांच्या सीमा बदलण्यासाठी अनुच्छेद ३६८ लागत नाही. अनुच्छेद ३ नुसार संसद साध्या बहुमताने हे करते. संबंधित राज्याच्या विधानमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. या विषयावर लोकांचे म्हणणे मोठ्या प्रमाणावर नोंदले गेले. १९५३ मध्ये नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाकडे १,५२,२५० निवेदने आली आणि आयोगाने नऊ हजारांहून अधिक लोकांशी चर्चा केली. तरीही मुंबई कोणत्या राज्यात असावी याचा निर्णय निवेदनांनी झाला नाही. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले व कुलाबा मतदारसंघाचे खासदार असलेले अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ मध्ये याच प्रश्नावर राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्र चळवळ, १९५७ ची निवडणूक आणि त्यानंतरचा राजकीय दबाव यांतून १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. निवेदन नोंदवते, निवडणूक किंमत मोजायला लावते, हा फरक या प्रकरणात स्पष्ट दिसतो.

ग्रामसभा : घटनात्मक पायरी

७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. गावच्या मतदारयादीतील सर्व व्यक्ती म्हणजे ग्रामसभा, अशी व्याख्या अनुच्छेद २४३ मध्ये आहे. प्रतिनिधींविना, नागरिकांनीच बनलेली आणि संविधानाने मान्य केलेली ही एकमेव संस्था आहे. मात्र अनुच्छेद २४३अ तिचे अधिकार ठरवण्याचे काम राज्याच्या कायद्यावर सोडतो. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरतात, आणि ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना सभा घेण्याची पद्धत रूढ आहे. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने जमीन व गौण वनोपजाबाबत अधिक अधिकार दिले. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नसल्याने कातकरी आदिवासींच्या वस्त्या असूनही येथील ग्रामसभांना ते अधिकार नाहीत.

पेण : २००८ चे जनमत

विशेष आर्थिक क्षेत्र कायदा २००५ मध्ये झाला. त्यानंतर पेण, उरण व पनवेल तालुक्यांतील ४५ गावांमध्ये महामुंबई सेझसाठी भूसंपादनाची प्रक्रिया सुरू झाली. संपादन १८९४ च्या कायद्याखाली होते. त्यात हरकत नोंदवता येई, पण मालकाची संमती ही अट नव्हती. शेतकरी नेते एन. डी. पाटील आदींच्या नेतृत्वाखाली मोठा विरोध झाला. सिंचनाखालची जमीन घेऊ नये, हा शेतकऱ्यांचा युक्तिवाद होता. पेण तालुक्यातील २२ गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. अखेर राज्य सरकारने या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी जनमत घेतले. केंद्रे उभारली, मतपत्रिका छापल्या, जमीनधारकांनी मतदान केले. प्रकल्पासाठीच्या भूसंपादनावर अशा प्रकारे मत आजमावण्याचे हे देशातील लक्षणीय उदाहरण ठरले. मात्र कोणत्याही कायद्यात या मतदानाची तरतूद नव्हती, त्यामुळे त्याचा निकाल कायद्याने बंधनकारक नव्हता. संपादनाची कायदेशीर मुदत २००९ मध्ये उलटल्याने प्रक्रिया बारगळली.

खारेपाटातील संमतीचे स्वरूप

पेणच्या प्रश्नात संमती वैयक्तिक की सामूहिक, हा मुद्दा जमिनीच्या प्रकारामुळेच येतो. खाडीकाठची खारेपाट जमीन समुद्रसपाटीला लागून असते. मातीचे बांध भरतीचे पाणी अडवतात आणि उघाड्यांमधून ओहोटीच्या वेळी शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडतात. उधाणाच्या भरतीत बांधाला एक खांड पडली, तरी खारे पाणी आतल्या सर्व शेतांत शिरते आणि पुढची काही पिके जातात. म्हणून बांधदुरुस्ती पूर्वी जोळ पद्धतीने, सर्व जमीनधारकांनी मिळून केली जाई. १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर हे काम हळूहळू सरकारी यंत्रणेकडे गेले. अशा ठिकाणी काही मालकांनी जमीन विकून बांधाकडे दुर्लक्ष केले, तर न विकणाऱ्याची शेतीही संपते. प्रत्येक सातबाऱ्याची वेगळी संमती घेणारी पद्धत ही वस्तुस्थिती टिपू शकत नाही. ग्रामसभा टिपू शकते. शिवाय पेणमध्ये मताधिकार जमीनधारकांना होता. शेतमजूर, मिठागर कामगार आणि खाडीत मासेमारी करणारे यांची उपजीविका त्याच पट्ट्यावर असूनही ते या मोजणीबाहेर राहिले. ग्रामसभेच्या व्याख्येत मात्र ते सर्व येतात.

मतातून कायद्याकडे

देशभरच्या अशा आंदोलनांनंतर २०१३ मध्ये नवा भूसंपादन कायदा झाला व तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खाजगी कंपनीसाठी संपादन असेल तर ८० टक्के आणि सार्वजनिक-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती त्याने आवश्यक केली. सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणीही आली. पेणमध्ये सरकारने स्वेच्छेने जे विचारले ते विचारणे आता काही प्रकारांत कायद्याने भाग झाले. पण ही तरतूद साध्या कायद्यात आहे. डिसेंबर २०१४ मधील केंद्राच्या अध्यादेशाने पाच प्रकारच्या प्रकल्पांना संमतीच्या अटीतून सूट दिली. विरोध झाल्यावर तो २०१५ मध्ये व्यपगत झाला. अनुच्छेदात आलेला हक्क असा रातोरात हलत नाही. महाडची मागणी अनुच्छेदापर्यंत गेली, खोतीची अनुसूचीपर्यंत. संमतीची मागणी अजून कायद्याच्या पातळीवर थांबली आहे.

सार्वमत : गोव्याचा अनुभव

थेट मतदानाचे मराठी भाषकांच्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश राहायचे, हे ठरवण्यासाठी संसदेने १९६६ मध्ये खास कायदा केला आणि १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, स्वतंत्र राहण्याचे दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. निर्णय स्वीकारला गेला व ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. पेणच्या मतदानाशी तुलना केल्यास तीन फरक दिसतात. गोव्यात मतदानामागे कायदा होता, प्रश्न दोन स्पष्ट पर्यायांचा होता आणि सर्व प्रौढ मतदार पात्र होते. सार्वमत यशस्वी होते ते या अटींमुळे. अनेक अंगांचा प्रश्न दोन चिन्हांत बसवावा लागणे ही त्याची अंगभूत मर्यादा.

इतर देशांतील पद्धती

आधुनिक घटनाबदलात नागरिकांना सामील करण्याच्या मुख्यतः तीन पद्धती दिसतात. स्वित्झर्लंडमध्ये १८ महिन्यांत एक लाख स्वाक्षऱ्या जमल्या, की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदानाला जातो आणि त्याला मतदार व कँटन अशा दोन्हींचे बहुमत लागते. आयर्लंडने चिठ्ठ्यांसारख्या यादृच्छिक निवडीने ९९ नागरिकांची सभा नेमली. तिने तज्ज्ञांचे ऐकून गर्भपातबंदीच्या तरतुदीवर शिफारस केली आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्के लोकांनी बदल मान्य केला. आइसलँडने निवडलेल्या २५ नागरिकांच्या परिषदेकडून २०११ मध्ये खुला मसुदा तयार करवला. २०१२ च्या सल्लात्मक मतदानात त्याला दोनतृतीयांश पाठिंबा मिळाला, पण संसदेने तो स्वीकारला नाही. चिलीत निवडलेल्या सभेचा मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये मतदारांनीच ६२ टक्क्यांनी फेटाळला. सहभागाचे प्रमाण वाढले म्हणजे बदल होतोच असे नाही. सहभागाचा निर्णयाशी असलेला दुवा पक्का हवा.

भारतातील सल्लामसलतीच्या मर्यादा

केंद्र सरकारने २०१४ मध्ये विधेयकांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवण्याचे धोरण स्वीकारले. ते प्रशासकीय धोरण आहे, कायदा नाही. न पाळल्यास विधेयक अवैध ठरत नाही. एकत्रित निवडणुकांच्या प्रस्तावावर रामनाथ कोविंद समितीने २०२४ मध्ये नागरिकांची मते मागवली. समितीच्या अहवालानुसार २१,५५८ प्रतिसाद आले व त्यांतील ८० टक्के अनुकूल होते. अशा आकड्यांचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. स्वतःहून लिहिणारे लोक समाजाचा नमुना नसतात. सूचना कोणत्या निकषावर स्वीकारल्या वा नाकारल्या, हे सांगण्याचे बंधन नसेल तर प्रतिसाद ही केवळ बेरीज राहते. ग्रामसभेलाही मर्यादा आहेत. गणपूर्तीअभावी तहकूब सभा, ठरावावर स्थानिक पुढाऱ्यांचा प्रभाव, मुंबईत कामाला गेलेल्या मतदारांची अनुपस्थिती या अडचणी किनाऱ्यावरच्या गावांत नेहमीच्या आहेत.

हक्क आणि संमती यांचा मेळ

महाड आणि पेण शेजारी ठेवले की एक विसंगती समोर येते. पेणमध्ये स्थानिक बहुमताचे ऐकावे, अशी मागणी होती. महाडमध्ये स्थानिक बहुमतच हक्काच्या आड आले होते. १९२७ मध्ये चवदार तळ्याविषयी तेथे मतदान घेतले असते, तर निकाल काय लागला असता हे नगरपालिकेच्या ऑगस्टमधील ठरावावरून कळते. म्हणून लोकसहभाग हे एकच साधन नाही, ती दोन साधने आहेत. एखाद्याच्या समान दर्जाचा प्रश्न असेल तेथे इतरांची मते मोजता येत नाहीत. हक्क सांगणारा एक नागरिकही पुरेसा असतो. जेथे समूहाची जमीन, पाणी वा उपजीविका सार्वजनिक प्रयोजनासाठी घ्यायची असते, तेथे मोजणी अपरिहार्य असते आणि तिचा परिणाम बंधनकारक असावा लागतो. चरीचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये आहे. कुळांच्या समूहाने एकत्र येऊन हक्क मिळवला, पण त्यासाठी दुसऱ्याचा मालमत्तेचा हक्क संकुचित करावा लागला आणि ते काम कोणत्याही गावसभेला करता आले नसते. त्याला घटनादुरुस्तीच हवी होती.

भारतीय व्यवस्थेत यासाठी तीन पायऱ्या अस्तित्वात आहेत. गावात ग्रामसभा, राज्यात विधानमंडळ, केंद्रात अनुच्छेद ३६८. राज्यांच्या मान्यतेची गरज असलेल्या दुरुस्त्यांमध्ये विधानमंडळ हा मधला टप्पा आधीच घटनात्मक आहे. त्या टप्प्यावर मसुदा मराठीत प्रसिद्ध करणे, ग्रामसभांचे ठराव मागवणे आणि ते सभागृहाच्या पटलावर ठेवणे यासाठी संविधान बदलण्याची आवश्यकता नाही. विधानमंडळाचे नियम पुरेसे आहेत.